विजेचा अर्धा तास

म्हाताऱ्या मिस्टर ड्रेक्सलरांनी आ वासला होता आणि कॉलीन वॉइचिक त्यांच्या खालच्या दातांमागचा थर खरवडत होती, तेवढ्यात तिच्या खिशातला फोन थरथरला. ती बोलत होती. काम करताना ती नेहमीच बोलायची. टाऊसनच्या या दवाखान्यात लोकांचे दात साफ करण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली होती, आणि समोरच्याच्या तोंडात नळी, आरसा आणि आपली दोन बोटं असताना तो बिचारा काय बोलणार, फार तर घशातून हुंकार देणार, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की हुंकार म्हणजेच संभाषण असं ती धरून चालायची. ड्रेक्सलरांना ती सांगत होती की यंदा सप्टेंबर अर्धाही सरला नाही तोच दारोदार भोपळे मांडलेत. फोन पुन्हा थरथरला. "चूळ भरा," ती म्हणाली, आणि ते बेसिनवर वाकले तेवढ्यात एक हातमोजा काढून तिने पाहिलं. ट्रिशचा निरोप होता. ट्रिश म्हणजे पेटनची आई. पेटन आणि कॉलीनची डिलेनी एकाच क्लबातून लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याचा खेळ, खेळायच्या, दोघीही गोलकीपर, अर्धा सामना ही आणि अर्धा ती. निरोपात शब्द एकच होता, "पाहिलंस?", आणि खाली फोटो. पांढऱ्या पोशाखातली एक अनोळखी उंच मुलगी केस मोकळे सोडून हसत उभी, तिच्यामागे वेक्सली कॉलेजचं चिन्ह, पंख पसरलेला हिरवा बगळा, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं की ती वेक्सलीला कमिट झाली आहे, म्हणजे पुढे तिथेच खेळायचं तिचं ठरलं आहे. त्याखाली बारीक अक्षरांत तिचं गाव, तिची शाळा, आणि ती कोणत्या जागेवर खेळते ते. गोलकीपर.

वेक्सली वर्षाला गोलकीपर एकच घेतं. तशी सगळीच कॉलेजं एकच घेतात. पळणाऱ्या मुली सात-आठ लागतात, जाळीपुढे उभी राहणारी एक पुरते. म्हणजे डिलेनीसाठी ते दार बंद झालं होतं, आणि ते कुणी तिला सांगितलंही नव्हतं. कॉलीनने नवा हातमोजा चढवला, खुर्ची पुन्हा आडवी केली, ड्रेक्सलरांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि तिला एकदम त्या उघड्या तोंडाची भीती वाटली. तिने ओठ मिटून घेतले. पुढचा सगळा वेळ ती एक अक्षर बोलली नाही. म्हाताऱ्याने डोळे तिरके करून दोनदा तिच्याकडे पाहिलं; आपल्या हिरड्यांत काही भयंकर सापडलं असावं असं त्याला वाटलं असेल. "सगळं ठीक आहे," ती शेवटी म्हणाली, "फक्त डावीकडे जरा नीट घासत जा." डावीकडे हा शब्द तिने घाईने उरकला.

कारण जे काही झालं ते डावीकडूनच झालं होतं, निदान तिचा तसा पक्का समज होता. मार्चमध्ये शाळेच्या एका सामन्यात डाव्या बाजूने आलेला चेंडू डिलेनीच्या गळ्यावरच्या पट्टीखाली बसला होता. फार लागलं नाही, हिरवंनिळं झालं, आठवड्यात गेलं. पण त्यानंतर डाव्या बाजूने, उंचावर फटका आला की डिलेनी डोळे मिटायची. क्षणभरच. पापणी लवावी तेवढंच. चेंडू बहुधा ती अडवायचीही, सवयीने हात जायचा. पण डोळे मिटलेले असायचे. जाळीदार शिरस्त्राणाआड ते कुणाला दिसणार? कॉलीनला दिसायचं. लहानपणी इंजेक्शनची सुई पाहून जी मान वळवायची नाही, टक लावून बघायची, ती मुलगी आता डोळे मिटते आहे, हे आईवाचून कुणाला कळणार, असं कॉलीनला वाटायचं, आणि त्या कळण्याचा तिला थोडा अभिमानही होता. ग्रेगला, नवऱ्याला, तिने सांगितलं नव्हतं. तो बंदरावर क्रेन चालवतो. वर बसून सगळं लहान दिसतं त्याला. तो म्हणाला असता, खेळ आहे, लागायचंच. डिलेनीला तर मुळीच सांगितलं नव्हतं. गोलकीपरला तू घाबरतेस असं सांगितलं की ती संपलीच, असं कुठल्याशा शिबिरात एक कोच म्हणाली होती, आणि अशा शिबिरांतली सगळी वाक्यं कॉलीनला पाठ होती. शिबिरंही किती केली. पत्रं यायची, "तुझा खेळ आम्ही पाहत आहोत, आमच्या शिबिराला अवश्य ये," आणि सुरुवातीला डिलेनीच्या नावाच्या जागी कधीकधी नुसतं "प्रिय खेळाडू" राहून गेलेलं असायचं. सगळ्या मुलींना येणारं पत्र. तरी दोघी जायच्या. गाडीत पॅडांचा आंबूस वास, मागच्या काचेवर क्लबचं चिन्ह, नाव आणि क्रमांक, पायाशी अर्धवट खाल्लेली सँडविचं. आठव्या वर्षी ही मुलगी जाळीपुढे उभी राहिली ती काही हौसेने नव्हे. कोच म्हणाली होती, कुणीतरी उभं राहा गं, आणि बाकीच्या जणी एक पाऊल मागे सरल्या, डिलेनीचं लक्ष नव्हतं. एवढंच घडलं होतं. आठ वर्षं झाली, आणि त्या एका पावलाच्या मागे आपण अजून गाडी हाकतो आहोत, असं कॉलीनला हमरस्त्यावर कधीकधी वाटायचं, आणि मग डोळ्यांवर झापड येऊ नये म्हणून ती मोठ्याने गाणं म्हणायची.

पण डिलेनीचं तसं नव्हतं. तिला वेक्सली हवं होतं. तेराव्या वर्षी तिथल्या शिबिरात मिळालेला करडा टी-शर्ट ती अजून झोपताना घालायची, बगळा धुऊन धुऊन कोंबडीसारखा दिसायला लागला होता. पेनसिल्व्हेनियातल्या त्या टेकडीवरचं मैदान, वरच्या खोल्यांतून दिसणारी नदी, तिथला पाय-गुडघ्यांच्या उपचारांचा अभ्यासक्रम, सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. ती ते फार बोलून दाखवायची नाही. फक्त कुणी दुसऱ्या कॉलेजचं नाव काढलं की विनयाने ऐकून घ्यायची, आजीच्या घरी न आवडणारी भाजी खावी तशी. आणि कॉलीन मात्र दमली होती. हे तिला कुणाजवळ म्हणता येत नव्हतं. मैदानाच्या एका बाजूला आईबाप, दुसऱ्या बाजूला घडीच्या खुर्च्यांवर ओळीने कॉलेजांच्या कोच, छातीवर आपापली चिन्हं, हातात कागद. आणि मधे मुली. आईबाप खेळ बघायचेच नाहीत. कुठल्या चिन्हाची खुर्ची कुणाच्या मैदानापाशी आहे, कोण अर्ध्यातून उठली, कोणी मान हलवली, हेच बघायचे. पेटन जाळीत असताना वेक्सलीची खुर्ची भरलेली दिसली की कॉलीनच्या छातीत धडधडायचं, आणि शेजारी बसलेली ट्रिश तेच उलटं करत असायची, आणि दोघी एकमेकींना द्राक्षं द्यायच्या. त्याहून लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे गोलकीपरच्या आईला आपल्याच बचावफळीने वाईट खेळावं असं वाटतं. फटकेच आले नाहीत तर पोरगी अडवणार काय? संघातल्या इतर मुली चुकाव्यात अशी प्रार्थना करत उन्हात बसायचं, आणि वरून ओरडायचं, "शाब्बास मुलींनो." कोचशी मात्र बोलायचं नाही. अकरावीच्या वर्षाची एक सप्टेंबर उजाडेपर्यंत कोचने खेळाडूशी आणि तिच्या घरच्यांशी एका नमस्कारापलीकडे बोलणं नियमात बसत नाही. समोरासमोर आल्या तरी त्या माना फिरवतात, उधारी थकवलेल्या गिऱ्हाइकासारख्या.

जूनमध्ये डेलावेअरला एक मोठी स्पर्धा होती. सकाळचा सामना झाला, दुसऱ्या सामन्याला मुली उतरणार तोच पहिला गडगडाट झाला आणि भोंगा वाजला. वीज दिसली की सगळ्यांनी आपापल्या गाडीत जाऊन बसायचं, अर्धा तास. अर्ध्या तासात पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. मुली ट्रिशच्या मोठ्या गाडीत खिदळत घुसल्या. कॉलीन एकटीच आपल्या गाडीत आली, ओले बूट काढले, आणि काचेतून तिला दिसलं की एक बाई पातळ निळ्या प्लास्टिकच्या रेनकोटात, भुवयांपर्यंत टोपी ओढून, वाहनतळाच्या मधोमध आपली गाडी शोधत चकरा मारते आहे. कॉलीनने दार उघडून हाक मारली, "अहो, आत या. वीज तुमची गाडी सापडेपर्यंत थांबणार नाही." बाई क्षणभर घुटमळली. मग पुन्हा कडाडलं आणि ती आत आली. तिने रेनकोट काढला नाही. सीट ओली होईल म्हणून कडेला टेकून बसली. "थँक्यू," म्हणाली. वयाने चाळिशीतली, गुडघ्यावर जुनी शस्त्रक्रियेची खूण. कॉलीनला वाटलं, कुणाची तरी आई.

आणि मग कॉलीन बोलायला लागली. काय काय बोलली ते नंतर तिने इतक्यांदा आठवलं होतं की आता तिलाच खात्री नव्हती. पाऊस टपावर ताशासारखा वाजत होता, काचा धुरकटल्या होत्या, आणि शेजारी एक माणूस गप्प ऐकत होतं. किती छान ऐकते ही बाई, असं तिला वाटलं होतं. "तुमचीही खेळते का?" असं तिने विचारलं खरं, पण उत्तराला थांबली कुठे? ती म्हणाली की आमची गोलकीपर आहे. म्हणाली की मागच्या तीन उन्हाळ्यांत आम्ही समुद्र पाहिलेला नाही, आणि आता तर समुद्राजवळ येऊन वाहनतळ बघतोय. बाई हसली. कॉलीन म्हणाली की खरं सांगू, एखाद्या दिवशी वाटतं सगळं संपावं, कुणीही तिला घेऊ नये, आणि शनिवारी आपण झोपून राहावं. बाई "हं" म्हणाली. मग एकदा तिने मान वळवून, "हे बघा, मी खरं तर..." असं काहीतरी सुरू केलं होतं, आणि कॉलीनने तिच्यापुढे खेकड्याचा मसाला लावलेल्या वेफर्सची पिशवी धरली होती. "घ्या हो, लाजू नका." पुन्हा गडगडलं. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या दुसऱ्या अर्ध्या तासात कधीतरी, वेफर्स संपत आले असताना, ती म्हणाली, "कुणाला सांगितलं नाही मी, पण मार्चमध्ये गळ्यावर बसल्यापासून पोरगी डोळे मिटते. डावीकडून उंच आला की. कुणाला दिसत नाही. मला दिसतं." बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. मग धोका टळल्याचा भोंगा वाजला. उतरताना बाई म्हणाली, "शुभेच्छा." बस. दहा पावलं गेली, रेनकोट डोक्यावरून ओढून काढला, झटकला, आणि तिच्या छातीवर हिरवा बगळा होता. वेक्सलीची मुख्य कोच कॉलीनला चेहऱ्याने ठाऊक होती. ही, नंतर तिला कळलं, होती वसंतात नव्याने आलेली, गोलकीपरांना बघणारी, कोच ल्युट्झ. चालताना तिने एकदा मागे वळून गाडीच्या काचेकडे पाहिलं. काचेवर डिलेनीचं नाव होतं, क्रमांकही होता.

त्या दिवसानंतर कॉलीनने ते कुणालाच सांगितलं नाही, आणि एक सप्टेंबरला, कोचना फोन करायची मुभा मिळाल्याबरोबर, क्लबातल्या निम्म्या मुलींचे फोन वाजले. डिलेनीचा वाजला तो ओहायोच्या एका कॉलेजकडून, आणि तोही शिबिराला बोलावण्यासाठी. दिवसभर ती फोन तळहातावर घेऊन घरात फिरत होती. आंघोळीला गेली तेव्हा आईकडे देऊन गेली, आणि कॉलीन तो धरून पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली. "त्यांचं वेळापत्रक असतं गं," ती म्हणाली. "उद्या करतील." डिलेनी म्हणाली, "हो." रोज म्हणाली. आणि कॉलीन रोज दवाखान्यात कुणाच्या तरी तोंडात वाकून विचार करायची की त्या बाईने वहीत काय लिहिलं असेल, लिहिलं असेल का, की न लिहिताच लक्षात ठेवलं असेल. आपण मुलीचं वाईट केलं. साध्या, भल्या आवाजात, वेफर्स खात केलं. आणि त्यातला सर्वांत वाईट भाग असा की आपण खोटं काहीच बोललो नव्हतो.

ट्रिशचा निरोप आला त्या संध्याकाळी ती शाळेच्या मैदानापाशी डिलेनीला घ्यायला गेली. सराव संपला होता. डिलेनी लांबून चालत आली, खांद्यावर थैली, हातात ती रुंद जाळीची काठी. थैली मागे टाकून पुढे बसली आणि दार आपटलं नाही, हळूच लावलं. तेच कॉलीनला जास्त लागलं.

"पाहिलं मी," डिलेनी म्हणाली.

"डेल, मी..."

"सगळ्यांनी पाहिलं. पेटन रडली. मी नाही, पेटन. मी तिची समजूत काढत होते, मॉम. वेडेपणा आहे नुसता." तिने सीटबेल्ट ओढला, सोडून दिला. "निघू नकोस अजून. मी फोन करणार आहे."

"कुणाला?"

"कोच ल्युट्झना. मला का नाही घेतलं ते विचारणार. क्लबात सांगतात ना, विचारावं, पुढच्या ठिकाणी उपयोगी पडतं."

"आज कशाला? आधी घरी चल, जेव काहीतरी. डॅड लवकर येणार आहेत."

"जेवून काय मी उंच होणारे?" डिलेनी म्हणाली, आणि आपल्याच विनोदाला हसली नाही. "तू फक्त गप्प बस. एक शब्द बोलायचा नाही, कळलं? त्यांना वाटायला नको की आईला शेजारी बसवून फोन केलाय."

कॉलीनने मान हलवली. आता कळेल, तिला वाटलं. ती बाई चांगली होती, चांगली माणसं खरं बोलतात. म्हणेल, तुझ्या आईनेच मला सांगितलं. डिलेनीने फोन लावला, स्पीकर सुरू करून मांडीवर ठेवला, आणि दोनतीनदा वाजल्यावर गाडीत तो आवाज आला. त्या दिवशी जेमतेम काही शब्द बोललेला आवाज, पण कॉलीनला लगेच ओळखू आला.

डिलेनीने आपलं नाव सांगितलं, अभिनंदन केलं, तुमचा वेळ घेते म्हणाली. सगळं शिकवल्यासारखं. फक्त तिचा अंगठा काठीच्या दोरीत गुंतून पांढरा पडला होता. "मला एवढंच विचारायचं होतं की माझं कुठे कमी पडलं."

"फोन केलास ते बरं केलंस. फार थोड्या जणी करतात," कोच ल्युट्झ म्हणाली. "हे बघ, उंची. तुझे हात चांगले आहेत, मुलींना आवाज देतेस ते तर फार चांगलं. पण आमच्या सामन्यांत फटके वरच्या कोपऱ्यात येतात. आम्हाला तिथे पोचणारी हवी होती. वसंतातच ठरलं होतं आमचं की उंच मुलगीच बघायची."

"आणि माझी डावी बाजू?" डिलेनीने विचारलं. "मी डोळे मिटते. उंच आला की."

कॉलीनने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"मिटतेस. पहिल्या सामन्यातच दिसलं आम्हाला, सकाळच्या. सगळ्याच कोच बघतात ते, निम्म्या गोलकीपर तसं करतात. ते जातं गं, हिवाळ्याभरात जातं. त्याच्यावरून मी कुणाला सोडलं नसतं. उंचीचं मात्र मी काही करू शकत नाही, तूही करू शकत नाहीस. दुसरं काही नव्हतं, डिलेनी. खरंच."

सकाळच्या सामन्यात. म्हणजे पावसाच्या आधी, भोंग्याच्या आधी, वेफर्सच्या आधी. कॉलीनच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की समोरची काच धुरकटली. जूनपासून ती जे वाहत होती ते तिच्या अंगावरून सरसर उतरलं. माझ्या तोंडाने नाही गेलं. उंची माझ्याकडूनच आली, माझी आईही बुटकीच, पण हाडांबद्दल कुणी कुणाला बोल लावत नाही. तिच्या डोक्यात एकच वाक्य घंटेसारखं वाजत होतं, मी नाही केलं, मी नाही केलं, आणि त्या घंटेपायी तिला कळलंच नाही की फोन कधी बंद झाला, आणि शेजारी बसलेली तिची मुलगी तिच्याकडे बघते आहे.

"तू हसतेस," डिलेनी म्हणाली.

"नाही गं."

"हसत होतीस, मॉम. मी बघितलं ना." ती चिडली नव्हती. आवाज अगदी सपाट होता. "तुला सुटल्यासारखं वाटलं. झालं एकदाचं, असं."

कॉलीनने तोंड उघडलं. सांगता आलं असतं. पण ते हसू कशाचं हे सांगायचं तर ती गाडी सांगावी लागली असती, तो पाऊस, ती बाई, आणि समुद्र पाहिला नाही तो, आणि कुणीही तिला घेऊ नये तेही. गाडीतलं सगळंच ती बोलली होती. बाकीचं गाळून फक्त डोळ्यांचं तेवढं सांगता येणार नव्हतं. गालावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, तिला ते जाणवत होतं आणि घालवता येत नव्हतं. "मी दमलेय, डेल," ती म्हणाली. ते खरं होतं. तिने मुलीला ते पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि नको त्या क्षणी सांगितलं होतं.

"माहितीये," डिलेनी म्हणाली. "केव्हापासून माहितीये." तिने दोरीतून अंगठा सोडवला आणि चोळला. "शनिवारी व्हर्जिनियाच्या स्पर्धेला मी पेटनबरोबर जाईन. त्यांच्या गाडीने. तू नको येऊस."

"असं काय करतेस? मी येतेय ना. मी कधी नाही आलेय?"

"नको, मॉम. खरंच नको. तू झोप."

तिने फोन उचलून पेटनला लिहिलं. कॉलीनने गाडी सुरू केली, पण गिअरमध्ये घातली नाही. मैदानावर कुणीतरी जाळी ओढत शेडकडे नेत होतं. किती शनिवार तिने मनातल्या मनात असा एक मोकळा शनिवार मागितला होता, गादीत पडून, घरात कुणी नसताना. आता तो येणार होता. त्याच्या पुढचाही येईल, मार्चमध्ये शाळेचे सामने सुरू होईपर्यंतचे सगळे येतील, आणि मुलगी कुठेतरी दूर डोळे उघडे ठेवायला शिकेल, ते बघायला ती नसेल. फोन वाजला. डिलेनीने पेटनचं उत्तर वाचलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"जागा आहे," ती म्हणाली.